वर्गातला न छापलेला धडा

(महिला मंडळे, बचत गट व संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मुलींच्या शिक्षणाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा पटाबद्दल बोलतो. किती मुली दाखल झाल्या, किती गळाल्या, सातवीनंतर कितींची शाळा सुटली. हे आकडे महत्त्वाचे आहेतच. मुलीचे नाव पटावर नसेल तर पुढचे बोलणेच खुंटते. पण आज महाराष्ट्रात बहुतेक मुली पहिलीत येतात. तिथून पुढे काय होते, हा माझा आजचा विषय आहे. सकाळी शाळेत गेलेली मुलगी संध्याकाळी घरी येते, तेवढ्या वेळात ती काय शिकते? पुस्तकातले तर शिकतेच. पण पुस्तकात न छापलेले आणखी पुष्कळ काही शिकते. त्याची परीक्षा होत नाही, तरी ते जन्मभर पाठ राहते.

आपण शाळेचा एक साधा दिवस डोळ्यांसमोर आणू या.

घंटा होण्याआधी वर्ग झाडायचा असतो. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना शिपाई नाही. तेव्हा झाडू कोण उचलते? बहुतेक ठिकाणी मुली. पाण्याचे पिंप मुली भरतात. पाहुणे आले की चहाचे कप विसळायला मुली. आणि मुलगे? बाक उचलायला, झेंड्याची दोरी ओढायला, गावातून निरोप आणायला. म्हणजे घरातली कामे मुलींना आणि बाहेरची मुलग्यांना. कोणी तसा नियम केलेला नसतो. विचारले तर बाई सांगतात, "मुली नीट झाडतात हो, मुलगे नुसती धूळ उडवतात." खरे आहे. मुलगी नीट झाडते, कारण घरी तिला चार वर्षांपासून ते शिकवलेले असते. मुलग्यालाही शिकवले तर तोही झाडील. शाळा शिकवण्यासाठीच असते ना?

मुलांनी शाळा साफ ठेवू नये असे माझे म्हणणे नाही. आपल्या हाताने आपली जागा स्वच्छ करणे हे चांगलेच शिक्षण आहे. म्हणणे एवढेच, की पाळी लावा आणि ती कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. सोमवारी हे पाच, मंगळवारी ते पाच, त्यात मुलगे-मुली दोन्ही. यात जातीचाही प्रश्न आहे. संडास धुवायला कोणत्या वस्तीतल्या मुलांना सांगितले जाते, हे आपण जाऊन पाहिले पाहिजे. भिंतीवर पाळी लागली की हे लपत नाही.

मग परिपाठ होतो. प्रतिज्ञा म्हटली जाते. ही प्रतिज्ञा मूळ तेलुगूत पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिली. हिंदी प्रतिज्ञेत भावांबरोबर बहिणींचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या मराठीत मात्र 'बांधव' हा एकच शब्द आला. त्यात बहिणी धरल्या आहेत असे आपण समजून घ्यायचे! प्रतिज्ञा बदला अशी मागणी घेऊन मी आलेले नाही. पण ओट्यावर उभे राहून 'सावधान' कोण म्हणते ते बघा. ज्याच्या आवाजावर सगळी शाळा ताठ उभी राहते, तो आवाज दर वेळी मुलग्याचाच का? आठवड्याला बदलला तर काय बिघडेल?

नंतर हजेरी. पुष्कळ शाळांत हजेरीपटावर आधी सगळे मुलगे आणि मग मुली असतात. वर्षभर रोज 'आधी ते, मग आपण' हे कानावर पडते. अक्षरांच्या क्रमाने नावे लिहिली तर खर्च शून्य. नावाबद्दल एक चांगली गोष्ट घडली आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहायचे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. स्त्रियांच्या संघटना कित्येक वर्षे हे मागत होत्या. पण ही मुले पहिलीत यायला २०३० साल उजाडेल. आजच्या पहिलीतल्या मुलाला आईचे नाव लिहायला शिकवायला तोवर थांबायचे कारण नाही. स्वतःचे नाव पाटीवर गिरवतानाच आईचेही गिरवू द्या. कित्येक मुलांना आईचे नाव माहीतच नसते. 'आई' एवढेच ठाऊक असते.

आता पुस्तक उघडू. पाठ्यपुस्तकातली आई स्वयंपाकघरात आणि बाबा पेपर वाचताना, ही चित्रे बदला म्हणून आपण किती वर्षे ओरडतो आहोत! बालभारतीची स्थापना १९६७ ची. २०१९ साली आलेल्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले. बाई डॉक्टर आणि बाई वाहतूक पोलीसही आल्या. हे आपल्या ओरडण्याचे फळ आहे, याची नोंद आपण करून ठेवू. पण चित्र बदलले म्हणजे तास बदलला असे नाही. ते पान शिकवताना बाईंनी किंवा गुरुजींनी "तुमच्या घरी भाजी कोण निवडते?" असे विचारले का? मुले हसली तेव्हा ते काय बोलले? तिथे खरा धडा होतो.

त्याच २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून मोठा गदारोळ झाला. 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असेही म्हणू द्यावे, असे त्या पुस्तकात होते. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. मराठी बुडाली म्हणून त्यांची थट्टा झाली. पण त्यामागचे कारण लहान मुलाचे होते. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहायचे मात्र आधी दोन, मग पाच. मूल ऐकले तसे लिहिते आणि ५२ करते. 'अठ्ठ्याहत्तर' आणि 'सत्त्याऐंशी' यांत तर मोठी माणसेही घसरतात. ज्या मुलाला घरी कोणी शिकवत बसते त्याची गाडी पुढे जाते. जिची आई मजुरीला जाते आणि जी स्वतः घरी भांडी घासते, ती तिथेच अडकते. तिसरीत तिला 'गणितात कच्ची' असा शिक्का बसतो आणि पाचवीत तीच म्हणते, "मला डोकंच नाही." काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात दिले, दोन गठ्ठे आणि सुट्या पाच असे तिने स्वतः मांडले, की दशक-एकक तिला आपोआप कळते. पण वर्गात गठ्ठे कोणाच्या हातात जातात? पुढच्या रांगेतल्या, हात वर करणाऱ्या मुलांच्या. मागे बसलेली मुलगी पाहत राहते. बघून काड्या मोजता येत नाहीत.

शाब्दिक उदाहरणांचेही तसेच. पुस्तकात आई लाडू करते आणि वाटते. आपल्या आया आज पैसे मोजतात! बारा जणींचा बचत गट आहे, प्रत्येकी महिना १०० रुपये. महिन्याला किती? १२००. वर्षाला किती? १४,४००. हे चौथीचे गणित आहे. शेतावर गड्याला रोज ५०० आणि बाईला ३०० असतील तर सहा दिवसांत बाईला किती कमी मिळाले? तेही चौथीचेच. १२०० रुपये हे उत्तर आल्यावर एखादी मुलगी विचारील, "का कमी?" संसदेने समान वेतनाचा कायदा १९७६ साली केला, हे तिला सांगता येईल.

भाषेबद्दल थोडे. घरी वारली, कोरकू, गोंडी, पावरी किंवा गोरमाटी बोलणारी मुलगी पहिलीत येते आणि तिचे तोंड बंद होते. 'न्हाय' म्हणाली तर वर्ग हसतो. ती मुकी नसते, तिची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवायला लावलेली असते. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. फळ्यावरचा निबंध उतरवून असे लिहिता येत नाही. कोणीतरी तिला तुझे तू सांग म्हटले असणार, आणि ऐकून घेतले असणार. आज 'माझी आई' हा निबंध फळ्यावर लिहून दिला जातो आणि चाळीस मुलांची आई एकच निघते.

मधल्या सुट्टीत खिचडी येते. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, त्यामुळे कितीतरी मुली शाळेत टिकल्या. पण वाढायला कोण, शेवटी कोण जेवते, पंगतीत कोण बाजूला बसते, हे पाहायला हवे. आणि चुलीपाशी बसलेली बाई मुलांना दिसत असते. २००९ साली केंद्र सरकारने तिचे मानधन महिना १००० रुपये ठरवले, पगार नव्हे. पुढे ते थोडेफार वाढले, तरी 'मानधन' हा शब्द सुटला नाही. बाईच्या कामाची किंमत काय, हा धडा मुले दुपारी भाताबरोबर गिळतात.

जेवण झाले की मैदान मुलग्यांचे. मुली भिंतीच्या कडेने सागरगोटे खेळतात. कित्येक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण मुतारीला कडी नाही, नाहीतर तिथे पाणी नाही, नाहीतर किल्ली बाईंच्या पर्समध्ये. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हवीत असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. तहान दाबून बसलेल्या मुलीला भागाकार कसा सुचणार?

आणि जी धाकट्याला कडेवर घेऊन येते तिचे काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हे फार पूर्वी ओळखले होते. लहान भावंडांसाठी अंगणात बालवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा त्यांनी चालवली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार. आज अंगणवाडी आहे, पण बहुतेक ठिकाणी ती शाळेच्या आधी सुटते. त्या वेळेपासून मोठी बहीण वर्गातून उठते. दोन्हींच्या वेळा जुळवा, एवढी मागणी ग्रामसभेत आपण करू शकत नाही?

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, सगळा दोष बाईंचाच. तसे नाही. शिक्षिकाही आपल्यातलीच आहे. दोन शिक्षकी शाळेत ती एकटी दोन-तीन इयत्ता सांभाळते. निवडणूक आणि जनगणना यांची कामे कायद्यानेच तिच्यावर आहेत. माहितीचे तक्ते भरून ती घरी जाते तेव्हा दुसरी पाळी सुरू होते. ती जशी शिकली तशी शिकवते. तिच्यावर धावून जायचे नाही, तिच्याशी बोलायचे आहे. "बाई, तुमच्या वर्गात आज किती वेळा मुलींना प्रश्न विचारले?" असे जाब मागितल्यासारखे न विचारता, "आपण दोघी मिळून मोजू या का?" असे विचारता येते. स्वतः मोजले की बाई स्वतःच बदलतात.

आपल्या हातात एक साधनही आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्मे सदस्य स्त्रिया. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे आणि अनुदान कुठे खर्च झाले हे पाहणे हे तिचे काम. पण आपली सभासद बाई रोजगारावर असते आणि वही सहीसाठी तिच्या घरी जाते, नाहीतर तिचा नवरा बैठकीला जाऊन बसतो. पंचायतीत जे झाले तेच इथे. बैठकीची वेळ संध्याकाळची ठेवा, इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवा, मगच सही करा. हे आपल्याला येते. बचत गटात आपण तेच करतो.

शेवटी कामाचे. पुढच्या दोन महिन्यांत प्रत्येक गटातल्या दोघींनी आपल्या गावच्या किंवा वस्तीच्या शाळेत, मुख्याध्यापकांना सांगून, एक पूर्ण दिवस बसावे. टीका न करता फक्त लिहून आणावे. झाडू कोणाच्या हातात होता? हजेरीत आधी कोण? मुलींना किती प्रश्न, मुलग्यांना किती? मैदानावर कोण होते? मुतारीला कडी आणि पाणी होते का? मागच्या रांगेत कोण बसले होते, आणि तिला दिवसभरात कोणी नावाने हाक मारली का? ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रेघोट्या मारून मोजावे. आकड्यांपेक्षा एका वर्गातला एक दिवस नीट पाहिला तर पुष्कळ कळते. पुढच्या बैठकीत आपण याच कागदांवर बोलू, आणि त्या शाळेच्या बाईंनाही त्या बैठकीला बोलावू.