प्रकाशक सुटला, कवी राहिला



अध्यक्षाला या व्यासपीठावरून एकदाच बोलता येते, म्हणून भिडेखातर काही गाळणार नाही. सरकार आपल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा गळा घोटते, असे ठराव आपण वर्षानुवर्षे करत आलो. त्यांतला शब्दही मी खोटा म्हणत नाही. पण घटनेने या स्वातंत्र्याला जेवढी कुंपणे घातली, त्यांच्या कितीतरी आत आणखी एक कुंपण महाराष्ट्रात उभे आहे. ते साहित्यसंस्थांनी, संपादकांनी आणि आयोजकांनी स्वतःच्या हातांनी घातले आहे. पहिली धमकी येताच लिहून दिलेल्या माफीनाम्यांवर ते उभे आहे.

घटना काय सांगते ते आधी पाहू. १९५० साली मुंबईतून निघणाऱ्या रमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या हद्दीत बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५० रोजी ती बेकायदा ठरवली. सरकारने त्यावर १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आणली आणि सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी, परराष्ट्रांशी मैत्री हे आधार निर्बंधांच्या यादीत घातले; त्याच वेळी निर्बंध वाजवीच असले पाहिजेत, ही अटही घालावी लागली. १९६३ मध्ये देशाचे सार्वभौमत्व आणि एकात्मता यांची भर पडली. आज अनुच्छेद १९(२) मध्ये निर्बंधांचे आठ आधार आहेत. कोणाच्या भावना दुखावणे हा त्यांतला आधार नाही. धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा न्यायालयाने १९५७ मध्ये वैध ठरवला हे खरे, पण तो सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर, आणि तिथेही जाणूनबुजून व दुष्ट हेतूने केलेलाच अपमान धरला. मर्यादा नकोत असे मी म्हणत नाही. या आठ मर्यादा मला मान्य आहेत. नववी मान्य नाही.

ही नववी कशी तयार झाली, हे कवी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या खटल्यात दिसते. ‘गांधी मला भेटला’ ही त्यांची कविता पोस्टररूपाने आधीच लोकांसमोर होती. १९९४ मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या पत्रिकेत छापली गेली. पत्रिका सभासदांपुरती, बाहेर विक्री नाही. तक्रार झाली, लातूरच्या न्यायालयात अश्लीलतेचा आरोप ठेवला गेला, आणि त्यावर एकवीस वर्षांनी, १४ मे २०१५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पत्रिकेच्या पुढच्याच अंकात बिनशर्त माफी मागितली होती, काळही बराच लोटला होता, म्हणून प्रकाशक आणि मुद्रक यांच्यावरचा आरोप न्यायालयाने रद्द केला. कवीला मात्र खटल्याला सामोरे जायला सांगितले. गांधींसारख्या आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी शब्द घालताना अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लावावी लागते, असेही म्हटले. प्रकाशकाला मी दोष देत नाही. वरपर्यंत लढाई त्यांनीच नेली. मात्र निकालातून संस्थांनी जो धडा घेतला, तो गेली कित्येक वर्षे मला सलतो आहे. माफी मागणारा सुटतो, लिहिणारा एकटा उरतो. याच न्यायालयाने जेमतेम सात आठवडे आधी, २४ मार्च २०१५ ला, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवले होते. फेसबुकवरच्या मजकुरासाठी पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये झालेली अटक त्या खटल्याच्या मुळाशी होती. त्या निकालाचा आनंद आपण साजरा केला. गुर्जरांच्या बाजूने किती संस्था उभ्या राहिल्या, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

‘संस्था वाचवायची तर थोडे वाकावे लागते’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. वाकल्याने संस्था वाचते का, एवढेच पाहू. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने नोव्हेंबर २००३ मध्ये बाजारातून मागे घेतले. तरीही ५ जानेवारी २००४ ला जमाव पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसला. संस्थेने ते पुस्तक लिहिले नव्हते की छापले नव्हते. प्रस्तावनेत तिथल्या अभ्यासकांचे आभार मानलेले होते, इतकेच. कपाटे फुटली, हस्तलिखिते फाटली. पुढे सरकारने पुस्तकावर घातलेली बंदी उच्च न्यायालयाने २००७ मध्ये उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूने होता आणि पुस्तक मात्र आधीच मागे घेतले गेले होते. माघारीने जमाव शांत झाला नाही. जमाव अंगावर येईल म्हणून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, संरक्षण देणे हे सरकारचे काम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच रंगराजन खटल्यात सांगितले आहे.

आपल्या नवी मुंबईचेच पाहा. शरद पवारांवरचे, दुसऱ्याने लिहिलेले पद्य पुढे पाठवले म्हणून अभिनेत्री केतकी चितळे यांना १४ मे २०२२ ला कळंबोलीतून ताब्यात घेतले, आणि पोलीस ठाण्याबाहेर त्यांच्यावर शाई आणि अंडी फेकली गेली. ते पद्य मला गलिच्छ वाटते, आजारी माणसाच्या देहावर असे लिहू नये. पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले होते, आणि इथे महिन्याहून अधिक कोठडी झाली. सरकार बदलले, २३ मार्च २०२५ ला विनोदी कलाकार कुणाल कामरांच्या कार्यक्रमावरून खारमधला स्टुडिओ फोडला गेला आणि दुसऱ्या दिवशी तिथे महापालिकेचा हातोडा पोहोचला. या दोन्ही वेळी नवी मुंबईतल्या साहित्यसंस्था गप्प होत्या. एकदा चितळे यांचे राजकारण आवडत नव्हते, दुसऱ्यांदा कामरांचे. ज्यांना आपल्या पक्षाच्या माणसापुरतेच अनुच्छेद १९ आठवतो, त्यांनी या व्यासपीठावर पुन्हा घटनेचे नाव घेऊ नये.

‘मग जातीवरून शिवीगाळ करणाऱ्यालाही सोडायचे का?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. नाही. दलितांना जाहीर अपमानित करणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो राहिला पाहिजे, कारण तिथे दुबळ्या माणसाचे जगणे पणाला लागते. पुढाऱ्यावर किंवा इतिहासपुरुषावर लिहिण्याने ते लागत नाही.

आणि नाटकवाल्यांचे दुखणे मी आज बोलणारच. कविता छापायला परवानगी लागत नाही, अग्रलेखाला लागत नाही. पण वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटक करायचे तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ब्रिटिशांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा संसदेने रद्द केला, तरी महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या आधाराने ही पूर्वतपासणी टिकून आहे. अमोल पालेकर २०१६ मध्ये तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. त्यांच्यासोबत नाट्यसंस्थांची रांग लागायला हवी होती.

१९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्य संमेलनात लेखिका दुर्गाबाई भागवत तिच्याविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण एका धमकीवर मागे घेतले गेले. ते निमंत्रण मागे घेणारे हात सरकारचे नव्हते, आपले होते.

म्हणून आज खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडणार आहे: लेखकाला विचारल्याशिवाय ही संस्था कोणाचीही माफी मागणार नाही, दिलेले निमंत्रण धमकीमुळे मागे घेणार नाही, आणि आमच्या व्यासपीठावरून बोललेल्या माणसावर गुन्हा दाखल झाला तर वकिलाचा खर्च संस्थेच्या निधीतून होईल. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो हात वर करून, इतिवृत्तात नाव नोंदवून करावा.