म्हाताऱ्या कुत्र्यानं भाकरी सोडली तर

शेळीनं एक वेळ चारा सोडला तरी आपण लगेच तिच्या पोटावर हात ठेवून बघतो. पण दारातल्या राखणीच्या कुत्र्यानं दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही, तर घरात एकच वाक्य ऐकू येतं, "वय झालं त्याचं." आज आपण त्याच वाक्याबद्दल बोलू.

कुत्रं 7-8 वर्षांचं झालं की उतारवय लागतं. फिरणं कमी होतं, म्हणून भूकही थोडी उतरते. नाकाची ताकद कमी होते, आणि कुत्रं तर आधी नाकानंच जेवतं. इथपर्यंत वयाचा दोष. पण 24 तास काहीच खाल्लं नाही, तर ते वय नव्हे, दुखणं समजा.

भांड्याजवळ येतं, तुकडा उचलतं आणि टाकून देतं? मग भूक आहे, दात दुखतोय. तोंडाला घाण वास येतो, एकाच बाजूनं चावतं. मात्र लाळ गळतेय, पाणीही गिळवत नाही, आवाज किंवा स्वभाव एकाएकी बदललाय, तर तोंडात हात अजिबात घालू नका. कुत्रं पिसाळलेलं असू शकतं. लेकरांना लांब ठेवा. चावलं, किंवा जखमेवर लाळ लागली, तर साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या. हळद-चुना लावत बसायचं नाही.

नुसती भूक मंदावली असेल, तर भाकरी कोमट पाण्यात कुस्करून द्या. फोडणी न घातलेलं वरण, मऊ भात, उकडलेलं अंडं चालतं. कोमट अन्नाचा वास वर येतो, म्हणून ते नाकाला कळतं. एकदम परातभर न देता दिवसातून तीनदा थोडं थोडं घाला. पाण्याचं भांडं त्याच्या झोपायच्या जागेजवळ सरकवा. दुखऱ्या पायांनी ते अंगणभर कशाला हिंडेल?

उरलेलं कालवण मात्र नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेल्या हाडाच्या सळ्या आतड्यात रुततात. आपल्या द्राक्षपट्ट्यातल्या बायांनी हेही ध्यानात ठेवावं, की द्राक्षं-बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. आणि माणसाची दुखण्यावरची गोळी भाकरीत लपवून देणं तर फारच वाईट.

उलटही होतं. भरपूर खातं, पाणी ढसाढसा पितं, तरी वाळत चाललंय, तर मधुमेह असू शकतो. गोचिडांनी भरलेल्या कुत्र्यानं जेवण सोडलं, तर गोचीड ताप असू शकतो. म्हातारी कुत्री माजावर येऊन गेली आणि महिना-दोन महिन्यांत तिनं अन्न टाकलं, पाणी वाढलं, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. तिथं एक दिवसही थांबायचं नाही. मागून घाण जाते तेव्हा कळतं, पण कधी कधी काहीच जात नाही, आणि ते जास्त धोक्याचं.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींसारखं कुत्रंही तपासतात. जाताना तोंडाला कापडी पट्टी सैलसर बांधा. धाप लागली असेल किंवा उलट्या होत असतील, तर बांधू नका. डॉक्टरांना सांगा: शेवटचं कधी खाल्लं, पाणी किती पितं, लघवी-शी कशी आहे, आणि रेबीजची लस कधी टोचली होती.