स्वतंत्र लेखणी कोठे रुजते?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाने राजकीय विचारांस वाहिलेले स्वतःचे पत्र सुरू करावे, अशी सूचना आज सभेपुढे आहे. तिच्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. सूचनेस आमचा पाठिंबा आहे. परंतु तो एका अटीवर आहे.

पत्र काढणे आज सोपे झाले आहे. खिळे जुळविणारा नको, कागद नको, टपालहशील नको. मोबाईलवर लिहिलेला मजकूर क्षणात गावोगाव पोचतो. अवघड आहे ते पत्र जगविणे. ते कोणत्या भूमीत जगते, हे आपल्याच पूर्वसूरींना विचारावे.

कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' काढले. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालविले. १८८४ साली लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली कामगारांच्या पदरात रविवारची सुटी पडली. तेथे लेखणीला चळवळीचा आधार होता व चळवळीला लेखणीचा. मुकुंदराव पाटलांचे 'दीनमित्र' १९१० साली निघाले आणि पुढे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यातून १९६७ पर्यंत चालले. यावरून दिसते की, स्वतंत्र लेखणीस मोठे शहर लागतेच असे नाही. आपला प्रश्न त्यात मांडला जात आहे असे वाटणारा वाचक मात्र लागतो.

केवळ द्रव्यानेही हे काम होत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहूंनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले होते. तरी ते १९२३ साली बंद पडले. १९२७ साली निघालेल्या 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. एवढा समर्थ संपादक असूनही तेही पत्र फार वर्षे टिकले नाही. तेव्हा लिहिणारा एक आणि टाळ्या वाजविणारे शंभर, अशी आपली व्यवस्था असेल, तर आजच सावध व्हावे.

'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात आणखी एक इशारा आहे, आणि तो आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेस अधिक झोंबणारा आहे. आपल्याच जातीचे हित पाहणाऱ्या पत्रांना बाबासाहेबांनी बजावले की, समाज ही एक नाव आहे. दुसऱ्याच्या बाजूस छिद्र पाडणारा अखेर स्वतःही बुडतो. आपल्या पत्रात केवळ आपल्या जातीचे गोडवे गाइले जाणार असतील, तर ते आपल्यालाही तारणार नाही.

आता आमची अट. परवा एका स्नेह्याने आम्हांस विचारले, "मंडळाचाच एखादा पदाधिकारी निवडणुकीस उभा राहिला, तर त्याच्यावरील टीका तुम्ही छापाल काय?" आमचे उत्तर असे: छापू. टीका करणाऱ्याने नावानिशी लिहावे, पुरावा द्यावा. त्या पदाधिकाऱ्याचे उत्तरही त्याच अंकात यावे. विरोधी मताच्या पत्रांना प्रत्येक अंकात जागा असावी. अन्य समाजातील लेखकांस सन्मानाने निमंत्रण द्यावे. जमाखर्च दरवर्षी प्रसिद्ध व्हावा, आणि कोणत्याही उमेदवाराचा पैसा त्यात नसावा.

यामुळे काही जण दुखावतील, वर्गणीदार गळतील, कदाचित देणगीदारही रुसतील. ते सोसण्याची तयारी असेल, तरच आज ठराव मंजूर करावा. नसेल, तर मंडळाच्या गुणगौरवास वर्षाची ही स्मरणिका पुरेशी आहे. त्यासाठी निराळे पत्र काढण्याचे प्रयोजन नाही.

निर्णय आपल्या हाती आहे.