पुण्यात छापलेली यहुद्यांची पोथी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात यादवबाबा मंदिर, राळेगणसिद्धी येथे केलेले भाषण)



ग्रंथाविषयी बोला, असं मंडळींनी सांगितलं. ज्ञानेश्वरीवर, गाथ्यावर तुम्ही जन्मभर ऐकत आलात. म्हणून आम्ही आज शेजारच्या घरातली पोथी उघडतो.

कांद्याची गाडी घेऊन पुण्याला जाणाऱ्यांनी कॅम्पातलं लाल देऊळ पाहिलं असंल. ते यहुद्यांचं. पण आपले मराठी यहुदी, म्हणजे बेने इस्रायल, मूळचे कोकणातले. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावावरून, दिवेकर, अष्टमकर अशी. बोली मराठी. शास्त्र मात्र हिब्रू भाषेत, आणि ती भाषा पिढ्यान्‌पिढ्या जाता त्यांच्यातून गेली. शेमा नावाची एक प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. आपलं सगळं जाऊन नुसतं 'रामकृष्ण हरी' उरावं, तसं झालं. तेवढी प्रार्थना, शनिवारचा नेम आणि चार चालीरीती, एवढ्यावर त्यांनी धर्म धरून ठेवला.

पुढं शिकवणारे भेटले, छापखाने आले. त्यांच्या वल्हांडण सणाला घरात वाचायची पोथी असते, तिला हागादा म्हणतात. मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याची कथा तिच्यात आहे. १८४६ साली ती मुंबईत शिळाछापावर निघाली, हिब्रूबरोबर मराठी अर्थ देऊन. मग १८७४ साली पुण्यात निघाली. काढणारे मोशे याकोब तळकर आणि अहरोन दानिएल तळकर. छापणारे विठ्ठल सखाराम अग्निहोत्री. नाव ऐकलंत ना? यहुद्यांची पोथी, आणि छापायला विठ्ठलच उभा! आता तिच्या प्रती फार दुर्मिळ झाल्यात.

पण आम्हाला गोडी वाटली ती आतल्या रीतीची. सणाच्या रात्री घरातलं सगळ्यात धाकटं पोर विचारतं, आज फुगलेली भाकरी का नाही, कडू भाजी का खायची? पोरानं विचारल्यावर बाप कथा सांगू लागतो. पळायची घाई होती, पीठ आंबायला सवड नव्हती, म्हणून आपण अशी भाकरी खातो. त्या पोथीत चार तऱ्हेची पोरं सांगितलीत. एक शहाणं, एक वाकडं बोलणारं, एक भोळं, आणि चौथं ते, ज्याला विचारायचं कसं हेच कळत नाही. त्या चौथ्याला बापानं आपण होऊन सांगायला लागायचं.

युरोपातल्या यहुद्यांमध्ये हसिद नावाचा पंथ झाला, नाचून-गाऊन भक्ती करणारा. त्यांचे मूळपुरुष बाल शेम तोव. त्यांनी स्वतः ग्रंथ छापला नाही. ते १७६० साली गेले आणि वीस वर्षांनी, १७८० साली, शिष्य याकोव योसेफ यांनी गुरूची वचनं घालून पंथाचा पहिला ग्रंथ छापला. विरोधकांनी त्याच्या प्रती जाळल्या असं सांगतात. इंद्रायणीची कथा माहीत असणाऱ्यांना यात काय नवल? पण वचनं माणसांच्या तोंडात होती, ती कशी जळणार!

बेने इस्रायलांनी तर पुढं १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्यासारखं कीर्तनच उभं केलं. अब्राहाम, योसेफ यांची चरित्रं मराठी पदांत. लोकांना समजावं म्हणून त्यांनी आपलीच वाट धरली.

कोणी म्हणेल, परक्यांचं कशाला सांगता? अहो, माऊलींनी गीता मराठीत आणली ती कशासाठी?

आता आपल्या दिंडीकडं बघा. पोरांना हरिपाठ घडाघडा येतो. पखवाजाचा ठेकाही चुकत नाही. पण एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की पोर आपल्या तोंडाकडं बघतं, आणि आपण म्हणतो, चल, म्हण पुढं. हे चौथं पोर आपल्याकडं लई झालंय. त्याच्या हाती नुसता टाळ देऊन भागायचं नाही.

म्हणून आम्ही विणेकऱ्यांशी बोललो, त्यांनी होकार दिला. या आषाढीच्या वाटंनं मुक्कामाला हरिपाठ झाला की पहिला अर्धा तास पोरांचा. त्यांनी विचारायचं, कोणी गप्प राहिलं तर वडीलधाऱ्यांनी आपण होऊन एक ओळ घेऊन सांगायची. तेवढं पोरांना पुढं बसवा, मागं चपलांपाशी नको.