भूक मंदावणारे औषध आणि वऱ्हाडचे ताट



वजन उतरवणारी नवी औषधे ही धनिकांची चैन आहे, अशी समजूत चळवळीतील अनेकांची होती आणि तिला आधारही होता. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने भारतात विक्रीस आले, तेव्हा त्याचा महिन्याचा खर्च सुमारे १४,००० ते १७,५०० रुपये होता. जूनमध्ये सेमाग्लुटाइडचे 'वेगोव्ही' आले. तेही सामान्यांच्या आवाक्याबाहेरचेच. परंतु सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या घटकावर नव्हे, केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले आणि त्यातून स्वस्त देशी औषधांचा उद्योग उभा राहिला. २००५ मध्ये घटकावरील पेटंट परत आले, तरी तो उद्योग टिकून आहे. पेटंट संपले की हे औषध तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचणार, हे त्यामुळे उघड आहे.

औषध स्वस्त होणे स्वागतार्ह आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये मधुमेहासोबत हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार आणि शिवाय लठ्ठपणा असणाऱ्यांसाठी या गटातील औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तेव्हा ही केवळ सौंदर्यप्रसाधनाची बाब उरलेली नाही. मात्र सुई स्वस्त झाली आणि तिच्यासोबत आहाराचा सल्ला आला नाही, तर एका दुखण्याच्या जागी दुसरे दुखणे येईल.

ही औषधे आतड्यातील एका संप्रेरकाची नक्कल करतात. पोट रिकामे होण्याची गती मंदावते, मेंदूला तृप्तीचा निरोप लवकर जातो आणि माणूस निम्म्या ताटावरून उठतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. परंतु उतरणारे सारे वजन चरबीचे नसते. त्यातील चौथा हिस्सा, कधी त्याहून अधिक, स्नायूंसह चरबीविरहित भागाचा असतो. औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आल्याचेही त्याच चाचणीच्या पुढील पाहणीत दिसले. परत येते ती मुख्यतः चरबी. गेलेला स्नायू आपोआप परतत नाही. ज्याचे पोट अंगमेहनतीवर चालते, त्याच्या दृष्टीने स्नायू हे भांडवल आहे.

म्हणून भूक निम्मी झाली की उरलेल्या घासांची निवड दुप्पट काळजीने करावी लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. वजन उतरत असताना तज्ज्ञ ती १.२ ग्रॅम वा अधिक सुचवितात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. ६० किलोच्या माणसाला याचा अर्थ सुमारे ७२ ग्रॅम. बाजार यावर महागड्या भुकटीचा डबा पुढे करतो. वऱ्हाडाला त्याची गरज नाही. ५० ग्रॅम तुरीची वा मुगाची डाळ ११ ग्रॅम प्रथिने देते, ५० ग्रॅम फुटाणे तितकीच. दोन अंडी १२, पाव लिटर दूध ८, १०० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी १०, मूठभर शेंगदाणे ७ आणि ३० ग्रॅम सोयावडी १५. बेरीज ७४ होते. अंडी न खाणाऱ्याने डाळ आणि दही वाढवावे.

हे एका बैठकीत जाणार नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे खावे. आधी वरण, उसळ वा बेसन, मग आंबाडी, मेथी, चिवळ यांसारखी भाजी आणि शेवटी भाकर, असा क्रम ठेवावा. भाजीतील चोथ्याने या औषधांमुळे होणारा बद्धकोष्ठ आवरतो. तर्रीचा रस्सा, भजी आणि गिला वडा आधीच मंदावलेल्या पोटात रेंगाळून मळमळ वाढवितात. साबुदाण्याच्या उपासात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. इन्शुलिन वा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या सोबत चालू असतील, तर उपासात साखर धोकादायक उतरू शकते. अकोल्याच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात ओकारी आणि कमी पाणी यांची गाठ पडली, तर मूत्रपिंडांवर ताण येतो. तहान लागण्याची वाट न पाहता घोटाघोटाने पाणी व ताक घ्यावे. ओकारी थांबत नसेल किंवा पोटात तीव्र कळ येत असेल, तर विलंब न करता डॉक्टर गाठावा. गरोदरपणात ही औषधे घेऊ नयेत. स्नायू टिकविण्यासाठी जोर-बैठकांसारखा व्यायामही आहाराइतकाच आवश्यक आहे.

येथवरचे सर्व व्यक्तीच्या हातातले झाले. परंतु ताट व्यक्ती एकटी ठरवीत नाही. अकोला ही डाळ मिलांची नगरी आहे आणि १९६९ पासून तेथे कृषी विद्यापीठ आहे. दोन्ही जिल्ह्यांत तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकते. तरीही सोयाबीनचे तेल निघते आणि प्रथिनयुक्त पेंड पशुखाद्याला जाते. ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनने गिळले. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. प्रथिने पिकविणाऱ्याच्याच ताटात प्रथिने कमी पडतात. त्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुके बालकांच्या कुपोषणासाठी दशकानुदशके चर्चेत आहेत. लठ्ठपणा आणि कुपोषण हे दोन शत्रू नाहीत. निकृष्ट अन्नाच्या एकाच व्यवस्थेची ती दोन अपत्ये आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत तर ही दोन्ही अपत्ये एकाच देहात नांदतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले आणि ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या बाईला भूक मारणारे औषध मिळाले, तर तिचे न जेवणे घरात कोणाच्या लक्षातही येणार नाही. उलट वजन उतरल्याबद्दल तिचे कौतुक होईल. अशा घरात तिच्या वाट्याची डाळ आणि अंडे आधी बाजूला काढून ठेवणे, हाच खरा उपचार होय.

मागण्या स्पष्ट आहेत. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात आणि दोन्ही जिल्ह्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत या औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत मराठीतून आहाराचा सल्ला मिळावा. चिठ्ठीवाचून होणारी विक्री प्रशासनाने रोखावी. रेशनवर तूरडाळ आणि ज्वारी नियमित मिळावी. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत जाऊन डाळ-अंड्यांचा हा हिशेब सांगावा आणि ही औषधे घेणाऱ्या बहिणींची विचारपूस करताना किती वजन उतरले यापेक्षा आज काय जेवलात, हे आधी विचारावे.