उत्तर ज्याचे त्याने द्यावे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. ही दुखण्याविषयी काय सांगणार, असे आपल्याला वाटेल. पण अर्धांगवायूत औषध डॉक्टरांचे असले, तरी शुश्रूषा आपल्याच पदरी येते. म्हणून दोन शब्द बोलते.

दुखणेकरी घरी येतो, व्यायाम सुरू होतो, आणि पुष्कळदा प्रश्नांचा एक कागद हाती येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली अशी एक प्रश्नावली पुस्तकरूपाने काढली. तिला व्होडास म्हणतात. मोठीत ३६ प्रश्न, लहानीत १२. गेल्या ३० दिवसांत अंग धुताना, कपडे घालताना, घरकाम करताना, सणासमारंभात मिसळताना किती त्रास झाला, असे विचारतात. ‘मुळीच नाही’पासून ‘करताच आले नाही’पर्यंत पाच उत्तरे असतात, त्यांतले एक निवडायचे.

त्रास म्हणजे नुसते दुखणे नव्हे. जास्त कष्ट पडले, वेळ लागला, रीत बदलावी लागली, तर तोही त्रासच. लुगडे नेसायला अर्धा तास लागत असेल, तर ‘नेसता येते’ एवढ्यावर भागत नाही. रोज काठी घेऊन चालत असेल, तर काठी धरूनच उत्तर द्यावे. चांगले आणि वाईट असे दोन्ही दिवस मनात धरावे.

आमच्या सासूबाईंची उजवी बाजू गेली होती. घरकामाचा प्रश्न आला, तेव्हा थोरल्या जाऊबाई मायेने म्हणाल्या, “आम्ही त्यांना काडी उचलू देत नाही.” सासूबाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही देत नाही, म्हणून मी करत नाही. येत नाही असे कोण म्हणाले?” व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी मग मटार सोलण्याचे काम व्यायामातच घातले. शेंगा हळू सुटत. पण स्वयंपाकघरात त्यांची जागा त्यांना परत मिळाली.

म्हणून आपण मधे बोलू नये. शौचाचे, न्हाण्याचे प्रश्न मुलासमोर, सुनेसमोर विचारले, तर बाई लाजून ‘काही त्रास नाही’ म्हणते, आणि मदत मिळायची ती राहून जाते. अशा वेळी आपण बाहेर बसावे. वाचता येत नसेल, तर प्रश्न सावकाश वाचून दाखवावा, बोटाने उत्तर दाखवू द्यावे.

कुणाची वाचा व समज दोन्ही जातात. डावी बाजू गेलेल्या काहींना आपली उणीव उमगतच नाही. तेथे घरच्यांनी जरूर सांगावे. पण ‘हे आमचे म्हणणे’ असे वेगळे सांगावे. त्यासाठी घरच्यांची प्रश्नावलीही निराळी असते. काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, की किती फरक पडला ते कळते. पहिले उत्तरच खरे नसेल, तर फरक कशाशी ताडायचा?

भगिनींनो, हात लुळा पडला तरी माणूस मुके होत नाही. आपल्या आळीत कुणाकडे असा कागद आला, तर हे ध्यानात असू द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.