पक्ष्याची वाट आणि गाडीची वाट

आज माझीच एक चूक सांगणार आहे. हसा खुशाल, पण लक्षात ठेवा.

आमचा बचत गट साताऱ्याचा. मागच्या वर्षी चिपळूणच्या प्रदर्शनात आम्हाला स्टॉल मिळाला. पापड, चटण्या, घेवडा न्यायला पिकअप ठरवली, किलोमीटरला १५ रुपये. गटाची वही माझ्याकडे. मोबाइलवर शोधलं, तर सातारा ते चिपळूण अंतर आलं ५५ किलोमीटर. जाऊन-येऊन ११०, म्हणजे १६५० रुपये. बैठकीत सांगितलं, सगळ्यांनी सह्या केल्या.

परत आल्यावर पिकअपवाल्या दादांनी मीटर दाखवला. २४० किलोमीटर, ३६०० रुपये! वरचे १९५० रुपये आम्हा १३ जणींवर वाटले, प्रत्येकीला दीडशे पडले. एक काकू म्हणाल्या, "गाडी उगाच फिरवली, की वहीतच काही गडबड आहे?" बायांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग लेकीनं मोबाइलवर नकाशा उघडून दाखवलं. मी वाचलेलं अंतर हवाई होतं. दोन गावांमध्ये दोरा ताणून धरावा, तसं सरळ. या दोऱ्याखाली सह्याद्रीचे डोंगर आणि कोयनेचा शिवसागर जलाशय येतो. पक्षी वरून जाईल. गाडीला मात्र आधी महामार्गानं खाली उंब्रजला यावं लागतं, मग पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि तेव्हा कुठे चिपळूण. झाले की सुमारे १२० किलोमीटर.

मग हवाई अंतराची दुप्पट धरायची का? तसंही नाही. मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर आहे. नागपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. म्हणजे फार फरक नाही. आणि मुंबई-अलिबाग बघा. सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, पण पनवेल, पेणवरून गाडीनं गेलं तर जवळजवळ तिप्पट. मध्ये समुद्राची खाडी आहे ना!

म्हणून गाडी ठरवण्याआधी एवढं करा. मोबाइलच्या नकाशात निघायचं आणि पोचायचं ठिकाण टाका, गाडीचं चित्र दाबा आणि रस्त्याचं अंतर बघा. मोबाइल नसेल तर एसटी स्टँडवर टप्पे विचारा. एसटीचा एक टप्पा ६ किलोमीटरचा. टप्प्यांना सहानं गुणा, अंदाज येतो. बस आपल्याच रस्त्यानं जाते ना, तेवढं विचारून घ्या. पावसाळ्यात घाट चालू आहे का, तेही बघा.

आणि घरात कुणी गरोदर असेल, तर दवाखाना किती किलोमीटर एवढ्यावर थांबू नका. रात्री, पावसात पोचायला किती वेळ लागतो ते विचारा. घाटातले तीस किलोमीटर आणि महामार्गावरचे तीस किलोमीटर सारखे नसतात.

पुढच्या बैठकीत मी नकाशा सगळ्यांसमोर ठेवला, चूक कबूल केली. आता वहीत अंतरापुढे रस्त्याचं नावही लिहिते. आणि गाडी ठरवायची म्हटलं की त्याच काकू आधी विचारतात, "अगं, हे अंतर पक्ष्याचं की गाडीचं?"

तुम्हीही विचारत जा.